मोबाईलबंदी : फक्त मुलांसाठी की आपणा सर्वांसाठी?



शाळेच्या पालकसभेत यंदा फी आणि गणवेशापेक्षा जास्त वेळ मोबाईलवर गेला. एक मावशी उठून म्हणाल्या, "फादर, आमचं पोट्टं मोबाईल देल्ल्याबिगर जेवत नाई. शाळेत तरी पुरा बंद करा." मागच्या रांगेतून एका भाऊंनी लगेच विचारले, "अन् माही पोरगी चांदूर बाजारहून एसटीनं येते. गाडी चुकली त तिनं कोणाले सांगाव?" सभेत दोन तट पडले. शेवटी कोणीतरी म्हणाले, "फादर, तुमीच सांगा."

मी त्या दिवशी काही सांगितले नाही. दोघांचेही म्हणणे मला खरे वाटत होते. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात तेव्हा घाईने दिलेले उत्तर बहुधा एका बाजूवर अन्याय करते. निर्णय शाळा आणि पालक मिळून घेतील, आणि तेच योग्य आहे. परंतु हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही, नीतीचाही आहे. म्हणून आज या पानावर आपण त्याचा थोडा विचार करू.

जगात आणि आपल्या देशात

फ्रान्सने २०१८ साली कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाईल वापरण्यास बंदी घातली. २०२३ मध्ये युनेस्कोने जगभरच्या शिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा अशी बंदी असलेले देश चारांत एकाहूनही कमी होते. त्यानंतर वेग वाढला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला, त्याच वर्षी दक्षिण कोरियाने केला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यासच मनाई केली.

आपल्याकडे सीबीएसईने २००९ मध्येच शाळांतील मोबाईलवर निर्बंध घालण्याची सूचना दिली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात समतोल भूमिका घेतली. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, पण वर्गात मोबाईल वापरता कामा नये. शक्य असेल तिथे शाळेने तो जमा करून घ्यावा, आणि धोरण ठरवताना पालक, शिक्षक व तज्ज्ञ यांना विचारावे, असा त्या निकालाचा आशय आहे.

म्हणजे आपल्या सभेतील मावशी आणि भाऊ यांचाच वाद मोठमोठ्या सभागृहांत चालू आहे. पण मला या प्रश्नाचा खरा धागा सापडला तो दूरच्या देशांत नाही, आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गावांत.

दोन गावे, दोन वाटा

पहिले गाव आपल्या शेजारचे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी मुलांच्या हाती मोबाईल आला आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही तो सुटेना. तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये गावाने ठराव केला की १८ वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. आधी समजावून सांगायचे, आणि तरीही ऐकले नाही तर २०० रुपये दंड. वर्तमानपत्रांतून त्याची खूप चर्चा झाली.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. तिथेही लॉकडाऊननंतर हीच तक्रार होती. त्यांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक पद्धत सुरू केली. संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास घरोघरी टीव्ही बंद आणि मोबाईल बाजूला. मुले अभ्यासाला बसतात.

दोन्ही गावांनी आपल्या लेकरांच्या काळजीपोटीच हे केले आहे आणि दोन्ही ठिकाणच्या वडीलधाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. तरी दोन वाटांत फरक आहे. बांशीचा ठराव मुलांच्या वयाला लागू होतो. वडगावचा भोंगा बापालाही लागू होतो, आईलाही आणि आजोबांनाही. मुलगा गणित सोडवत असताना बाप शेजारी बसून क्रिकेट पाहू शकत नाही. शाळेतील मोबाईलबंदी कोणत्या वाटेची असावी, हा माझ्या मते आपल्यापुढचा मुख्य प्रश्न आहे.

आपण लक्ष "देतो"

मोबाईलचे तोटे सांगायला बसलो तर यादी मोठी होईल. झोप बिघडते, नको त्या वयात नको ते दिसते, गटांमध्ये एकमेकांची थट्टा होते. हे सर्व खरे आहे. पण या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. ती म्हणजे लक्ष.

मराठीत आपण लक्ष "देतो". वेळ देतो, शब्द देतो, वचन देतो, तसेच लक्षही देतो. म्हणजे ते आपले असते आणि आपण ते राजीखुशीने दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ज्याला लक्ष देता येत नाही त्याला प्रेमही नीट करता येत नाही, कारण समोरच्या माणसाकडे लक्ष देणे ही प्रेमाची पहिली पायरी आहे.

सिमोन वेल नावाची एक फ्रेंच विचारवंत होती. ज्यू कुटुंबात जन्मलेली, शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारी आणि पुढे ख्रिस्ताकडे ओढली गेलेली. १९४३ साली अवघ्या ३४ व्या वर्षी तिचे निधन झाले. त्याआधी एक वर्ष तिने शालेय अभ्यासावर एक छोटा निबंध लिहिला. तिचे म्हणणे असे की, भूमितीचे एखादे कठीण उदाहरण सोडवताना मुलाला उत्तर सापडले नाही तरी त्याची मेहनत वाया जात नाही. कारण त्या वेळी त्याची लक्ष देण्याची शक्ती वाढत असते, आणि याच शक्तीने तो एके दिवशी प्रार्थना करील व दुःखी माणसाचे ऐकून घेईल. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा निबंध मी परीक्षेपुरता वाचला होता. आता रोज कोणी ना कोणी माझ्यापुढे बसून आपले दुःख सांगते, तेव्हा तो समजू लागला आहे.

प्रभू येशूकडेच पाहा. यरीहोच्या वाटेवर मोठा जमाव चालला आहे. एक आंधळा भिकारी ओरडतो आणि लोक त्याला गप्प करतात. प्रभू मात्र थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि तुला काय हवे असे विचारतो. बरे करण्याआधी त्याने बार्तिमयाला लक्ष दिले.

आता आपल्या हातातल्या यंत्राचा विचार करा. तिथे लक्ष आपण देत नाही, ते आपल्याकडून काढून घेतले जाते. आपण जितका वेळ पाहत राहू तितक्या जाहिराती दिसतात आणि तितकी कंपन्यांची कमाई होते. एका बाजूला चौदा वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याचे बोट थांबू नये म्हणून खपणारे हुशार अभियंते. ही लढत बरोबरीची नाही. "संयम त्याचा त्याने शिकावा" असे म्हणून आपण बाजूला झालो तर ते मुलाला स्वातंत्र्य देणे होत नाही. त्याला एकटे सोडणे होते.

आपल्या वरुड-मोर्शीकडच्या शेतकऱ्याला विचारा. संत्र्याचे कलम लहान असताना गुरे-शेळ्या लागू नयेत म्हणून तो कुंपण करतो. कुंपणाने झाड वाढत नाही. ते पाण्याने, खताने आणि उन्हाने वाढते. पण कुंपणच नसेल तर पाणी घालून काय उपयोग? झाड उंच झाले, खोड धरले की शेळीची भीती राहत नाही. वर्गातील मोबाईलबंदी हे असे कुंपण आहे. संत थॉमस अक्विनास यांनीही कायद्याबद्दल हेच सांगितले आहे. कायदा माणसाला एका फटक्यात सद्गुणी करू शकत नाही, तो हळूहळू सद्गुणाकडे नेतो. म्हणून त्याने झेपेल तेवढेच मागावे.

मिस्साच्या वेळी आपण मोबाईल बंद ठेवतो. परीक्षेच्या हॉलमध्ये तो चालत नाही. आपले स्वातंत्र्य गेले असे तेव्हा कोणी म्हणत नाही, कारण तिथे काहीतरी मोलाचे चालले आहे हे आपल्याला पटलेले असते. मग वर्गात जे चालते तेही तितकेच मोलाचे नाही का?

तीन हरकती

तरीही बंदीच्या विरोधात जे बोलले जाते ते मोडीत काढता येणार नाही.

पहिली हरकत अशी की मोबाईल हे शिक्षणाचे साधन आहे. खरेच आहे. "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" हे दिवस आपण विसरलेलो नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात पुन्हा कुलूप लागले तेव्हा मुलांचा वर्ग त्या पाच-सहा इंचांच्या पडद्यावरच भरत होता, आणि मेळघाटातल्या ज्या गावांत रेंज नव्हती तिथली मुले मागे पडत होती. आजही अकोल्याला नीट-जेईईच्या तयारीसाठी खोली करून राहणारी मुले शंका मोबाईलवर विचारतात. परंतु साधनाचा उपयोग कसा होतो तेही पाहिले पाहिजे. असर संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना मागील आठवड्याबद्दल विचारले होते. अभ्यासासाठी वापर केल्याचे ५७ टक्के मुलांनी सांगितले आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के मुलांनी. म्हणून शिक्षकांनी सांगितले तर, सांगितले तेव्हा आणि सांगितले तेवढाच मोबाईल वर्गात यावा, हे रास्त आहे.

दुसरी हरकत त्या भाऊंची, सुरक्षेची. बाहेरगावहून येणाऱ्या मुलीने मोबाईल बाळगलाच पाहिजे. पण तो बाळगणे आणि वर्गात वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी नंबर लावून जमा करावा, सुटल्यावर परत घ्यावा. मधल्या वेळेत निरोप द्यायचा असेल तर शाळेच्या कार्यालयातला फोन मोकळा असावा, आणि तो मागताना मुलीला संकोच वाटू नये.

तिसरी हरकत सभेत कोणी घेतली नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. बंदी सर्वांवर सारखी पडते का? कित्येक घरांत मुलगा रात्री बारापर्यंत मोबाईल पाहतो आणि मुलीच्या हातून तो संशयाने काढून घेतला जातो. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एका महाविद्यालयीन मुलीने हाच प्रश्न नेला होता. तिच्या वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाईलला मनाई होती. इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ती मुलगी सज्ञान होती, आपली मुले लहान आहेत, हा फरक आहेच. पण नियमाचे ओझे मुलीच्याच खांद्यावर टाकायचे हे देवाला मान्य होणारे नाही. त्याने दोघांनाही आपल्याच प्रतिरूपात घडवले आहे.

कपाटातला फोन

आता मला माझी एक चूक सांगायची आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका शाळेचा व्यवस्थापक होतो. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला नववीच्या एका मुलाच्या दप्तरात फोन वाजला. शिक्षकांनी तो माझ्याकडे आणून दिला. साधा बटनांचा फोन होता. नियम असा होता की पालकांनी यायचे आणि न्यायचे, आणि ते सोमवारी. मी तो लोखंडी कपाटात ठेवला. शाळा सुटल्यावर मुलगा दारात येऊन उभा राहिला. "फादर, आज द्या ना," एवढेच म्हणाला. मी म्हणालो, "नियम माहीत आहे ना? सोमवारी." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

सोमवारी त्याची आजी आली. मुलाच्या वडिलांना नागपूरला दवाखान्यात भरती केले होते आणि आई त्यांच्याजवळ होती. घरी आजी आणि नातू, आणि घरात तो एकच फोन. शुक्रवारी संध्याकाळी वडिलांना शस्त्रक्रियेसाठी नेणार होते. आत जाण्याआधी त्यांना मुलाशी दोन शब्द बोलायचे होते. मी कपाट उघडले तेव्हा त्या छोट्या पडद्यावर न उचललेल्या कॉलची नोंद होती. सतरा कॉल. शुक्रवारी संध्याकाळी रिकाम्या कार्यालयात तो फोन वाजत राहिला होता.

वडील बरे होऊन घरी आले. ही देवाची कृपा, त्यात माझे काही नाही. आजीने मला एक शब्दही वाईट बोलला नाही. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट टोचत राहिली आहे. मुलाला लक्ष द्यायला शिकवावे म्हणून मी त्याचा फोन घेतला होता. आणि तोच मुलगा दारात उभा होता तेव्हा मी त्याला "का रे बाबा?" एवढेही विचारले नाही. मी मानसुद्धा वर केली नव्हती. माझ्या हातात माझा मोबाईल होता आणि मी कुठल्याशा सभेचा निरोप वाचत होतो.

शब्बाथाच्या नियमावरून परूशी वाद घालायला आले तेव्हा प्रभूने त्यांना हेच समजावले, की नियम माणसाच्या भल्यासाठी केलेला असतो. माझा नियम चांगलाच होता. तो लेकरासाठी आहे, हे मी विसरलो होतो.

म्हणून मला काय वाटते

शाळेत वर्गाच्या वेळी मोबाईल नसावा, या मताचा मी आहे. कपाटाची ती गोष्ट घडूनही मत बदललेले नाही. पण आता त्याला दोन अटी जोडतो. पहिली, फोन काढून घेणाऱ्याने आधी मुलाकडे पाहावे आणि त्याचे ऐकावे. दुसरी, जो नियम मुलांना तो आपल्यालाही. शिक्षकांना शासनाची ऑनलाइन माहिती मोबाईलवरच भरावी लागते, हे मला ठाऊक आहे. ते काम कार्यालयात बसून करावे. वर्गात जाताना शिक्षकाचा फोनही त्याच पेटीत पडलेला मुलांना दिसावा. मोठ्यांना सूट देणारी बंदी मुलांना एवढेच शिकवते की मोठे झाले की असे वागता येते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी एप्रिल २०१९ मध्ये रोममधील शाळकरी मुलांना सांगितले होते की मोबाईल ही मोठी सोय आहे, ती वापरावी, पण तिचे गुलाम झालात तर स्वातंत्र्य गमवाल. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संत म्हणून घोषित केले तो कार्लो अक्युटिस आपल्या मुलांच्याच वयाचा होता. २००६ मध्ये तो वारला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. संगणकाची त्याला फार आवड. ख्रिस्तशरीर संस्काराशी निगडित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ त्याने तयार केले. आणि व्हिडिओ गेमसाठी मात्र त्याने स्वतःलाच आठवड्याला एक तास ठरवून दिला होता, असे त्याच्याविषयी सांगतात. हे कुंपण त्याने स्वतः घातले होते. आपल्या मुलांनीही एक दिवस स्वतःचे कुंपण स्वतः घालावे, यासाठी हा खटाटोप.

शेवटी एक विनंती. आपल्याकडे भोंगा नाही, पण घंटा आहे. येत्या सोमवारपासून रोज संध्याकाळी साडेसात वाजता चर्चची घंटा वाजेल. ज्यांना पटेल त्या घरांनी तेव्हापासून एक तास सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत. वडिलांचा आधी, मग आईचा, मग मुलांचा. जपमाळेची प्रार्थना करा, मुलांना अभ्यासाला बसवा, नाहीतर नुसते जेवताना एकमेकांशी बोला. सक्ती नाही, दंड नाही, कोणी तपासायला येणार नाही. माझा फोनही त्या तासात टोपलीत असेल. कोणी आजारी असेल, तैलाभ्यंगासाठी मला न्यायचे असेल तर दार वाजवा. पूर्वीही लोक दारच वाजवत असत.

आणि एखादे लेकरू तुमच्या दारात येऊन काही न बोलता उभे राहिले, तर मान वर करून त्याच्याकडे पाहा. त्याला काय हवे ते विचारा.

प्रभू येशू आपणा सर्वांना लक्ष देणारे अंतःकरण देवो.

आपला ख्रिस्तात,
तुमचे धर्मगुरू